घरच्या विहिरीची देखभाल: फिल्टर घ्यायच्या आधी विहिरीभोवती एक चक्कर मारा

घरासोबत विहीर मिळाली की आपण पहिल्यांदा काय करतो, तर ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघतो. गोड लागतंय, गार आहे, तळ दिसतोय, म्हणजे पाणी चांगलं. मग काही महिन्यांनी वास यायला लागतो किंवा बादलीला लाल डाग पडतात आणि लगेच फिल्टरवाल्याला फोन जातो. या दोन्ही सवयी सोडा असं मला अगदी मनापासून सांगायचंय, कारण माणसाला आजारी पाडणारी गोष्ट पाण्यात बहुतेक वेळा दिसत नाही, आणि विहिरीत घाण शिरायची वाट शोधायला गेलं तर ती बऱ्याचदा काठापासून चार-पाच पावलांवरच सापडते.

१८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचं पाणी लोकांना फार आवडायचं, इतकं की एक बाई तिथून लांब राहायला गेली तरी चवीसाठी तिथलंच पाणी मागवून प्यायची. त्याच पाण्यातून कॉलरा पसरला आणि ती बाईही त्यात गेली. डॉ. जॉन स्नो यांनी कोण कुठलं पाणी पीत होतं हे घरोघरी विचारून बोट त्या पंपाकडे दाखवलं, आणि पुढच्या वर्षी खणून बघितलं तेव्हा पंपाखालच्या विहिरीपासून एक मीटरच्या आत मैल्याची टाकी निघाली, तिच्या विटा ढिल्या झालेल्या आणि मैलापाणी मातीतून झिरपत विहिरीत जात होतं. पाणी चवीला चांगलं होतं, एवढंच लक्षात ठेवा आणि कामाला लागा.

पहिलं काम: चक्कर

हातात वही-पेन आणि एक छोटा आरसा घ्या. आरसा कशाला ते पुढे सांगतो.

आधी विहिरीपासून लांब उभं राहून जमिनीचा उतार बघा. जमिनीखालचं वरच्या थरातलं पाणी साधारण जमिनीच्या उताराच्याच दिशेने सरकतं, त्यामुळे संडास, शोषखड्डा, गोठा, उकिरडा हे जर विहिरीच्या वरच्या बाजूला असतील तर धोका जास्त. संडासाचा खड्डा किंवा शोषखड्डा विहिरीपासून निदान ३० मीटर लांब असावा आणि खड्ड्याचा तळ भूजल पातळीच्या निदान दीड मीटर वर असावा, हा अंदाज बऱ्याच ठिकाणी वापरतात. मुरूम किंवा भेगा असलेला खडक असेल तर ३० मीटरही कमी पडू शकतात कारण भेगेतून पाणी गाळलं न जाता सरळ पळतं. खत, कीटकनाशक, डिझेलचा कॅन, जुन्या बॅटऱ्या, असलं काही विहिरीजवळ ठेवलं असेल तर ते आजच उचला, त्याला कुठली टेस्ट लागत नाही.

आता काठाजवळ या. कठडा आहे का, कमरेएवढा तरी उंच आहे का. विहिरीभोवती सिमेंटचा ओटा आहे का, निदान एक मीटर रुंद, आणि त्याचा उतार बाहेरच्या बाजूला आहे का. एक बादली पाणी ओट्यावर ओता आणि नुसतं उभं राहून बघा. पाणी बाहेर नालीत गेलं तर ठीक, कुठे डबकं झालं किंवा एखाद्या चिरेत गडप झालं तर ते पाणी कुठे गेलं हे तुम्हाला कळलंच. कपडे-भांडी ओट्यावर धुत असाल तर तेच साबणपाणी आणि खरकटं त्याच चिरेतून परत विहिरीत येतंय.

आता आरसा. ऊन चढल्यावर विहिरीच्या काठाशी उभं राहून आरशाने उन्हाची तिरीप आत पाडा आणि भिंतीवरून हळूहळू फिरवा, टॉर्चपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं. भिंतीचा वरचा साधारण तीन मीटरचा भाग पाणी झिरपणार नाही असा पक्का असला पाहिजे, कारण वरून येणारं पाणी मातीतून तेवढं खाली जाईपर्यंत बऱ्यापैकी गाळलं जातं. पाण्याच्या पातळीच्या वर भिंतीवर ओला ओघळ, तपकिरी पट्टा, शेवाळाची रेघ किंवा झाडाची मुळं बाहेर आलेली दिसली तर तिथे खूण करून ठेवा. आमच्या विहिरीत मी दोन वर्षं पाण्याच्या वासाचं कारण शोधत होतो, गाळ काढला, औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली, महिनाभर बरं वाटायचं आणि पाऊस पडला की परत तेच. शेवटी एकदा पाऊस थांबल्यावर लगेच आरसा घेऊन गेलो तर काठापासून हातभर खाली, रिंगांच्या सांध्यातून, करंगळीएवढी पाण्याची धार भिंतीवरून उतरत होती, आणि वर नेमक्या त्याच जागी भांडी घासायची मोरी. तो सांधा खरवडून सिमेंटने भरला, मोरी हलवली, नाली लांब नेली, आणि वास गेला. त्यामुळे जोरदार पाऊस पडून गेल्यावर तासाभरात विहिरीत डोकावणं ही माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तपासणी आहे.

झाकण नसेल तर करून घ्या, जाळी तरी. पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा, उंदीर-बेडूक, हे सगळं वरून येतं आणि ऊन थेट पाण्यावर पडलं की शेवाळ वाढून पाणी हिरवं होतं. पोहऱ्याने पाणी काढत असाल तर एकच दोरी आणि एकच पोहरा ठेवा आणि तो वापरून झाल्यावर टांगून ठेवा. ओट्यावर लोळलेली दोरी पायांची माती घेऊन परत पाण्यात जाते, हे इतकं साधं आहे की कोणाच्या डोक्यातच येत नाही.

बोअर असेल तर तपासणी छोटी आहे: केसिंग पाईप, म्हणजे बोअरच्या भोकात बसवलेला बाहेरचा पाईप, जमिनीच्या निदान ३० सेंटीमीटर वर आलेला हवा, पाईपभोवती पाणी साचायला नको, टोपण घट्ट हवं आणि वायर जिथून आत जाते तिथे फट नको.

दुसरं काम: विहिरीत पाणी किती आहे ते मोजा

हे लोक टाळतात आणि मग औषध अंदाजपंचे टाकतात. दोरीला वजन बांधा, तळाला लागेपर्यंत सोडा, वर काढा आणि ओली झालेली लांबी मोजा, ती झाली पाण्याची खोली. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतरही मोजून वहीत तारखेसकट लिहा, दर महिन्याला एकदा.

गोल विहिरीचं पाणी काढायचं तर त्रिज्या गुणिले त्रिज्या गुणिले ३.१४ गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला १००० ने गुणलं की लिटर. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर म्हणजे त्रिज्या दीड मीटर, आणि पाणी २ मीटर. १.५ × १.५ × ३.१४ × २ म्हणजे १४.१३, म्हणजे साधारण १४,००० लिटर. हा आकडा आपल्याला पुढे दोनदा लागणार आहे.

तिसरं काम: टेस्ट, आणि ती नीट

टीडीएस मीटर नावाचा पेनसारखा मीटर हल्ली सगळ्यांकडे असतो आणि त्यावर १५० आकडा आला की लोक खूश होतात. तो मीटर फक्त पाण्यात विरघळलेले क्षार किती आहेत याचा अंदाज देतो, तोही पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून. त्याला जंतू दिसत नाहीत, आर्सेनिक दिसत नाही, कीटकनाशक दिसत नाही. मैलापाणी मिसळलेल्या पाण्याचाही टीडीएस छान कमी येऊ शकतो. तेव्हा मीटर ठेवा, पण त्याला रिपोर्ट समजू नका.

खऱ्या टेस्टचे दोन भाग. पहिला जंतूंचा, कोलिफॉर्म (घाण शिरल्याची खूण देणारा जीवाणूंचा गट) आणि त्यातलाच आतड्यात राहणारा ई. कोलाय. १०० मिली पाण्यात ई. कोलाय एकही असता कामा नये, एक जरी निघाला तरी त्याचा अर्थ माणसाची किंवा जनावराची विष्ठा कुठून तरी पाण्यात येतेय. दुसरा भाग रासायनिक: पीएच, क्षार, कठीणपणा, लोह, नायट्रेट, फ्लोराइड, क्लोराइड, आणि पहिल्यांदा टेस्ट करताना आर्सेनिकसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लक्षात ठेवा, फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅम. नायट्रेटच्या बाबतीत रिपोर्ट नीट वाचा, काही लॅब तो आकडा 'नायट्रोजन म्हणून' देतात आणि तेव्हा मर्यादा साधारण ११ होते, त्यामुळे रिपोर्टमध्ये २० दिसलं म्हणून ५० पेक्षा कमी आहे असं समजून लोक निर्धास्त राहतात.

आर्सेनिकची टेस्ट टाळू नका असं मी का म्हणतो, तर बांगलादेशात तलावा-डबक्यांच्या पाण्याने रोगराई होते म्हणून १९७० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर हातपंपाच्या विहिरी खोदल्या गेल्या, जंतूंच्या दृष्टीने पाणी चांगलं होतं, आणि १९९३ साली कळलं की त्यात आर्सेनिक आहे. ते खडक-मातीतून नैसर्गिकरीत्या येत होतं, रंग नाही, वास नाही, चव नाही. नंतर तिथे पंप तपासून सुरक्षित तो हिरवा आणि धोक्याचा तो लाल असे रंगवले, आणि बऱ्याच वेळा एकाच वस्तीत एक लाल आणि जवळच दुसरा हिरवा निघाला. म्हणजे शेजाऱ्याचा रिपोर्ट चांगला आला म्हणून आपलं पाणी चांगलं असं धरून चालता येत नाही.

नमुना घेतानाच निम्म्या टेस्ट बिघडतात. जंतूंच्या टेस्टची बाटली लॅबकडूनच निर्जंतुक आणा, घरची पाण्याची बाटली धुऊन चालत नाही. नळाची जाळी काढा, नळ पाच मिनिटं वाहू द्या, धातूचा नळ असेल तर तोंड लायटरने शेकून घ्या, मग बाटली उघडा, झाकणाच्या किंवा बाटलीच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका, झाकण खाली ठेवू नका, भरा, बंद करा, बर्फाच्या डब्यात घाला आणि त्याच दिवशी, जमलं तर सहा तासांच्या आत पोचवा. विहिरीत औषध टाकल्यावर लगेच नमुना घेतला तर रिपोर्ट चांगलाच येणार, त्याला अर्थ नाही, दीड-दोन आठवडे थांबून घ्या. आणि वर्षातून एकदाच टेस्ट परवडत असेल तर ती पावसाळ्यात करा, उन्हाळ्यात नको, कारण जंतू आत शिरतात ते पावसाच्या पाण्याबरोबर.

चौथं काम: गाळ काढणं, आणि इथे जीव जातो

हा भाग कृपा करून घाईत वाचू नका.

विहिरीत तळाशी ऑक्सिजन कमी असू शकतो, कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात, आणि यातले काही हवेपेक्षा जड असल्याने खालीच साठून राहतात. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास यायचा बंद होतो आणि माणसाला वाटतं हवा साफ झाली. पेटता कंदील खाली सोडून बघायची जुनी पद्धत आहे, पण तिच्यावर विसंबू नका, मिथेन असेल तर स्फोट होऊ शकतो आणि विषारी वायूंचं थोडं प्रमाण ज्योतीला कळत नाही. वायू मोजायचं यंत्र, हवा आत ढकलणारा पंखा, अंगाला पट्टा आणि त्याची दोरी वर तिवईला, वर निदान दोन माणसं, एवढं असेल तरच माणूस आत. हे काम रोज करणाऱ्या, साधनं असलेल्या लोकांकडूनच करून घ्या. पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीच्या आत फळीवर ठेवतात ते तर कधीच करू नका, त्याचा कार्बन मोनॉक्साइड विहिरीतच साठतो.

आणि आत कोणी बेशुद्ध पडलं तर त्याला काढायला मागोमाग उतरू नका. काळजाला हे फार अवघड जातं, पण एकामागून एक दोघं-तिघं जातात ते असेच. हाक मारा, अग्निशमन दलाला बोलवा, पट्ट्याची दोरी असेल तर वरूनच ओढा, पंख्याने हवा सोडा.

गाळ कधी काढायचा, तर पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं तेव्हा. पंपाचा फुटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या खालच्या टोकाची झडप) तळापासून अर्धा ते एक मीटर वर असावा, गाळ त्याच्या जवळ आला की पाणी गढूळ यायला लागतं, ते लक्षण समजा. तळाशी धुतलेली वाळू आणि त्यावर खडी असा थर दिला तर झऱ्याबरोबर माती उसळून येणं बरंच कमी होतं.

पाचवं काम: निर्जंतुक करणं

दुरुस्ती झाली, गाळ निघाला, पूर आला, आत जनावर मेलं, किंवा रिपोर्टमध्ये ई. कोलाय आला की मोठा डोस. रोजच्या वापरातल्या विहिरीला छोटा डोस. दोघांची गल्लत करू नका.

मोठ्या डोससाठी लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरू. आपल्या १४,००० लिटरला ७०० ग्रॅम क्लोरीन लागेल. ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणजे २.१ किलो पावडर. पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की तिचा जोर उतरतो, २५ टक्के राहिला असेल तर २.८ किलो लागेल, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या पावडरीवर तर भरवसाच ठेवू नका. पाकिटावर टक्केवारी आणि तारीख बघून घ्या.

पावडर थेट विहिरीत फेकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत (पत्र्याची नको) थोडी-थोडी पावडर घेऊन पाण्यात आधी लापशीसारखी कालवा, मग बादली भरून ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत काढा आणि ते विहिरीत ओता, सगळीकडे भिंतीवरून फिरवत. पोहरा किंवा पंप चालवून पाणी खालीवर करा. हातमोजे, चष्मा, तोंडावर कापड, आणि वाऱ्याकडे पाठ. अॅसिड किंवा संडास-बाथरूम साफ करायचं लिक्विड त्या बादलीच्या आसपासही नको, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

मग घरातला प्रत्येक नळ, गरम पाण्याचासुद्धा, क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा, म्हणजे पाईपही आतून साफ होतात. फिल्टर किंवा सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं मशीन) असेल तर त्याआधी तो बायपास करा. १२ ते २४ तास काही वापरू नका. कुटुंबात सगळ्यांना सांगा आणि नळाला कागद चिकटवा, लहान मुलं विसरतात. नंतर वास जाईपर्यंत पाणी उपसा, ते मोकळ्या जमिनीवर सोडा, तळ्यात, झाडांच्या आळ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये नाही, कारण मासे, मुळं आणि टाकीतले उपयोगी जंतू तिन्ही मरतात.

नेहमीच्या छोट्या डोससाठी १००० लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्या विहिरीला ३५ ग्रॅम. कालवायची पद्धत तीच, रात्री टाका आणि किमान एक तास तरी पाणी काढू नका. सकाळी क्लोरीन तपासायच्या छोट्या किटने बघा, लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास उरलं असेल तर डोस बरोबर. काहीच उरलं नसेल तर पाण्यात घाण जास्त आहे, सगळं क्लोरीन तिनेच खाल्लं. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून फारसा उपयोग नाही, जंतू मातीच्या कणांआड लपतात, आधी पाणी निवळू द्या.

महिन्या-महिन्याला मोठा डोस द्यावा लागत असेल तर थांबा आणि परत आरसा घेऊन जा. कुठेतरी वाट उघडी आहे.

आता नेहमीच्या तक्रारी

एक काचेचा ग्लास पाण्याने भरून पांढऱ्या कागदावर रात्रभर ठेवा. यातून बरंच कळतं.

पाणी नळातून दुधासारखं पांढरं आलं आणि मिनिटभरात तळाकडून वर निवळत गेलं, तर ती हवा आहे, पंप हवा ओढतोय, सक्शन पाईपचा सांधा बघा किंवा पाण्याची पातळी फुटव्हॉल्व्हपर्यंत उतरली असेल. सकाळी तळाशी मातकट थर बसला असेल तर गाळ. आणि भरताना स्वच्छ असलेलं पाणी सकाळी पिवळट-लाल होऊन तळाशी गंजासारखी पूड बसली तर लोह. जमिनीखाली ऑक्सिजन नसतो तिथे लोह विरघळलेलं आणि रंगहीन असतं, हवा लागली की ते गंजून वेगळं होतं. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांवर, फरशीवर डाग पडायला लागतात. तब्येतीला त्याने सहसा मोठा त्रास नाही, पण चव जाते. उपाय त्याच गुणात आहे, पाणी उंचावरून कारंज्यासारखं पाडून हवा खेळवायची, टाकीत बसू द्यायचं आणि वाळूच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं.

टाकीच्या आत बोट फिरवल्यावर तांबूस बुळबुळीत थर लागला तर ते लोहावर जगणारे जीवाणू, आजार करत नाहीत पण पाईप बुजवतात. त्यांच्यामुळे पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग येतो आणि माणूस घाबरतो की डिझेल आलं की काय. काडीने तवंग ढवळून बघा, काचेसारखे तुकडे होऊन ते सुटेच राहिले तर जीवाणू, आणि लगेच परत जुळून एक झाले तर तेल. तेल असेल तर पाणी वापरणं बंद.

सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर विहिरीत काही शोधू नका, गीझरमधल्या मॅग्नेशियमच्या कांडीमुळे तो येतो, ती बदलून घ्या. गार पाण्यालाही येत असेल तर तळाशी काहीतरी कुजतंय किंवा खडकातूनच येतोय. गाळ काढून मोठा डोस द्या, महिन्यात परत आला तर हवा खेळवायची व्यवस्था करावी लागेल.

साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरे पापुद्रे, हे कठीण पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम. पिण्यासाठी वाईट नाही. गीझर आणि वॉशिंग मशीनसाठी वाईट, त्यांच्यापुरता सॉफ्टनर बसवा, सगळ्या घराला गरज नसते. उलट, बेसिनमध्ये निळे-हिरवे डाग येत असतील तर पाणी आम्लधर्मी आहे आणि तांब्याचे पाईप विरघळतायत, जुन्या पाईपजोडात शिसं असेल तर तेही. पीएच ६.५ च्या खाली असेल तर चुनखडीच्या खड्यांचा फिल्टर लावतात, पाणी त्यातून जाताना आम्लपणा मरतो.

पाणी हळूहळू खारट होत चाललं असेल आणि समुद्र जवळ असेल तर उपसा कमी करा, मशीनने हे सुटत नाही. जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, आणि ढोबळ हिशोब असा की गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली की खालचं खारं पाणी ४० मीटर वर सरकतं. थोडं-थोडं, अंतर ठेवून उपसा, आणि पावसाचं पाणी गाळून जमिनीत मुरवा. विहिरीत थेट छताचं पाणी सोडत असाल तर पहिल्या पावसाचं पाणी वगळा आणि मध्ये वाळू-खडीचा खड्डा ठेवा, नाहीतर छतावरची विष्ठा तुम्ही स्वतः पाईप लावून विहिरीत पोचवताय.

नायट्रेट आणि फ्लोराइड यांना ना रंग ना वास. नायट्रेट खतातून किंवा मैल्यातून येतं, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधासाठी तसं पाणी वापरलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी होऊन बाळ निळं पडू शकतं. आणि इथे एक चूक फार घरांत होते, काळजीपोटी पाणी खूप वेळ उकळतात. उकळल्याने जंतू मरतात, खळखळून एक मिनिट पुरे, पण नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक उडून जात नाहीत, पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण उलट वाढतं. अशा घरात बाळासाठी पाणी दुसरीकडूनच आणा, खर्चाकडे बघू नका.

फिल्टर घ्यायचाच असेल तर

रिपोर्ट हातात ठेवून घ्या. कार्बनचा फिल्टर वास, क्लोरीन आणि काही रसायनं काढतो, जंतू मारत नाही, आणि कॅन्डल वेळेत बदलली नाही तर जंतू त्यातच वाढतात. यूव्हीचा दिवा जंतू मारतो पण पाणी नितळ असेल तरच, आणि क्षार-रसायनांना तो हात लावत नाही. आरओ फ्लोराइड, नायट्रेट, बरंचसं आर्सेनिक, खारटपणा काढतो, पण बरंच पाणी वाया घालवतो, म्हणून तो फक्त पिण्या-स्वयंपाकाच्या नळाला लावा, आणि ज्याच्या पाण्यात यातलं काही नाहीच त्याला त्याची गरज नाही. मशीन बसवल्यावर महिन्याभराने मशीनच्या पाण्याची टेस्ट करा, विकणाऱ्याने दाखवलेल्या प्रयोगावर जाऊ नका.

वापरात नसलेली विहीर

आवारात दुसरी जुनी, बंद पडलेली विहीर असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण ती आणि तुमची वापरातली विहीर बहुधा एकाच झऱ्यावर आहेत. लोक त्यात कचरा, प्लास्टर, मेलेली जनावरं टाकून ती 'भरतात', आणि तीच घाण गाळण न होता थेट भूजलात जाते. बुजवायचीच असेल तर आतले पाईप आणि कचरा काढा, एकदा औषधाचा मोठा डोस द्या, पाणी आहे त्या उंचीपर्यंत धुतलेली वाळू-खडी भरा, त्यावर चिकणमाती थराथराने दाबून बसवा, काठाचं वरचं बांधकाम मीटरभर खालपर्यंत काढा आणि वर मातीचा उंचवटा करा म्हणजे पावसाचं पाणी तिथे थांबणार नाही. हे काम होईपर्यंत त्यावर माणूस उभा राहिला तरी वाकणार नाही असं लोखंडी झाकण टाका आणि कुलूप लावा. लाकडी फळ्या नकोत, त्या खालून कुजतात आणि वरून कळत नाही.